चाळीस लाखांचा आकडा आणि पांढुर्ण्याची मिरची : एका मसाला उद्योगाच्या कर-नोंदणीचे प्रकरण

अमरावती जिल्ह्याच्या वरूड तालुक्यातील एका गावात २०२५ च्या अक्षय्य तृतीयेला, म्हणजे ३० एप्रिलला, एका शेतकरी कुटुंबातील सुनेने मिरची व हळद दळून पाकिटांत विकण्याचा उद्योग सुरू केला. जूनच्या पहिल्या आठवड्यात ती माझ्याकडे आली, तेव्हा तिच्या पिशवीत एक लाल वही, तीन कच्च्या बिलांच्या कार्बन प्रती आणि गावातल्या संगणक केंद्राने अर्धवट भरलेल्या जीएसटी अर्जाची छापील प्रत होती. मी तालुक्याच्या गावी कर सल्लागाराचे काम करतो. हे प्रकरण रकमेने लहान आहे, पण नव्या उद्योगाला राज्याच्या करांखाली केव्हा, कशासाठी आणि कोणत्या नावाने नोंदावे लागते हे त्यात एकाच घरात पाहायला मिळते. ओळख पटेल असे तपशील वगळून ते येथे मांडतो.

घरची परिस्थिती अशी. शेती नवऱ्याच्या नावावर, त्यात संत्र्याचा बगीचा. गावठाणातले घर सासऱ्यांच्या नावावर आणि त्याच घराच्या पडवीत सासऱ्यांची जुनी पिठाची चक्की व मिरची कुटायचा डंक. गावातल्या बाया उन्हाळ्यात आपापली मिरची आणून देतात, किलोमागे मजुरी ठरलेली असते आणि तिखट घेऊन जातात. हे काम सासरे कितीतरी वर्षांपासून करत आले आहेत. सुनेने घरामागच्या वाड्यात टिनाचे शेड टाकले, बँकेचे कर्ज काढून नवीन पल्व्हरायझर घेतला आणि विकत घेतलेली मिरची दळून स्वतःच्या पाकिटांत विकायला सुरुवात केली. पल्व्हरायझर आणि पाकीटबंदीच्या यंत्राचे बिल २,४०,००० रुपयांचे होते व त्यावर १८ टक्क्यांनी ४३,२०० रुपये कर लागला होता. हा आकडा पुढे पुन्हा येईल. उद्यम नोंदणी आणि अन्न परवान्याची मूळ नोंदणी तिने आधीच केली होती व त्यात काही अडचण आली नव्हती.

तिचा पहिला प्रश्न तिच्याच शब्दांत देतो. "भाऊ, चाळीस लाखाच्या वर गेलं तरच जीएसटी लागते म्हणतात. आमचं तं पंधरा लाखही होत नाही. मंग हे पांढुर्ण्याचे शेठ पक्कं बिल काहून मागून राह्यले?"

चाळीस लाखांचा हा आकडा खेड्यापाड्यांत सर्वांच्या तोंडी आहे आणि तो खोटाही नाही. १ एप्रिल २०१९ पासून फक्त मालाची विक्री करणाऱ्याला वार्षिक उलाढाल चाळीस लाखांच्या आत असेपर्यंत नोंदणीची सक्ती नाही, आणि महाराष्ट्रात ही मर्यादा लागू आहे. मात्र या वाक्यातील ‘फक्त मालाची’ हे शब्द बोलण्यात गळून पडतात. जो माणूस मालाबरोबर सेवाही पुरवतो, त्याच्यासाठी मर्यादा वीस लाखांचीच राहते. दुसऱ्याची मिरची मजुरी घेऊन कुटून देणे ही मालाची विक्री नसून सेवा आहे, कारण मिरची गिऱ्हाइकाची असते आणि आपण घेतो ती मेहनतीची रक्कम. सुनेच्या लाल वहीत पाकिटांची विक्री व कांडपाची मजुरी एकाच पानावर, एकाखाली एक लिहिलेली होती. ती वही कोणी पुरावा म्हणून पुढे केली असती, तर चाळीस लाखांची सवलत त्याच पानावर संपली असती.

तरीही वीस लाखांचा आकडा गाठण्याइतका व्यवसाय नव्हताच. पहिल्या वर्षाचा अंदाज आम्ही बसून काढला, तो असा होता की राज्यातल्या राज्यात तिखट व हळदीची विक्री सुमारे ११ लाख, पांढुर्ण्याच्या दुकानाला सुमारे साडेतीन लाख आणि कांडपाची मजुरी १ लाख ८० हजार, म्हणजे एकूण १६ लाख ३० हजार होईल. खरी अडचण यातल्या मधल्या आकड्यात होती.

पांढुर्णा मध्य प्रदेशात आहे. आमच्या भागातल्या माणसाला हे ठाऊक असते, पण ते मनात नसते. वरूडच्या बाजूच्या गावांना अमरावतीपेक्षा पांढुर्णा जवळ पडते, तिकडे मराठी बोलली जाते, सोयरिकी दोन्हीकडे आहेत, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची गोटमार पाहायला इकडची माणसे जातात, आणि १९५६ च्या पुनर्रचनेपर्यंत वरूड व पांढुर्णा ही दोन्ही गावे नागपूर राजधानी असलेल्या जुन्या मध्य प्रदेशातच होती. ज्या गावी लग्नाचा बस्ता बांधायला जातो त्या गावच्या किराणा दुकानाला चाळीस किलो तिखट देणे म्हणजे ‘आंतरराज्य पुरवठा’, हे कोणाच्या ध्यानात येणार? वस्तू व सेवाकर कायद्याच्या कलम २४ प्रमाणे मात्र राज्याबाहेर करपात्र माल पुरवणाऱ्याला उलाढाल कितीही असो, नोंदणी घ्यावीच लागते. चाळीस लाख नाहीत, वीस लाख नाहीत, पहिल्या किलोपासूनच.

येथे एक बारकावा सांगितला पाहिजे, कारण तो न कळल्याने काही लोक उगाच घाबरतात. पांढुर्ण्याहून वरूडला आलेल्या एखाद्या घरगुती गिऱ्हाइकाने शेडवर येऊन दोन किलो तिखट रोख घेतले, बिलावर त्याचा पत्ता नोंदवलेला नसेल, तर पुरवठ्याचे ठिकाण विकणाऱ्याचेच धरले जाते आणि ती राज्यातली विक्री राहते. दुकानदाराने मागवलेला आणि पांढुर्ण्याला त्याच्या दुकानी पोचवलेला माल ही वेगळी गोष्ट आहे.

सुनेने असा माल तीनदा पोचवला होता. १५ मे, २६ मे आणि २ जून, दर वेळी चाळीस किलो, २६० रुपये किलोने १०,४०० रुपये. एकूण ३१,२०० रुपये. कच्च्या बिलावर ‘तिखट ४० किलो’ एवढेच लिहिलेले होते.

म्हणजे नोंदणी घ्यावी की नाही हा प्रश्न तिने मला ३ जूनला विचारला असला, तरी त्याचे उत्तर १५ मे रोजीच ठरून गेले होते. त्या दिवशी तिच्यावर नोंदणीची जबाबदारी आली आणि कायद्याने अर्जासाठी तीस दिवस दिलेले आहेत, ते १४ जूनला संपत होते. हातात अकरा दिवस होते.

या अकरा दिवसांचे महत्त्व नुसत्या दंडापुरते नाही. तीस दिवसांच्या आत अर्ज झाला, तर नोंदणी जबाबदारी आली त्या तारखेपासून, म्हणजे १५ मेपासून लागू होते. मग मधल्या काळात दिलेल्या मालाची सुधारित बीजके प्रमाणपत्र मिळाल्यापासून एक महिन्याच्या आत काढता येतात, दुकानदाराला त्या कराची वजावट मिळते, म्हणजे खरेदीवर दिलेला कर त्याला आपण भरायच्या करातून वजा करता येतो, आणि तो कर द्यायला तो कां-कू करत नाही. शिवाय १४ मे रोजी शेडमध्ये शिल्लक असलेल्या कच्च्या मिरचीवर भरलेल्या कराचीही वजावट मागता येते. तीस दिवस उलटले, तर नोंदणी मंजुरीच्या तारखेपासून लागते, मधली विक्री नोंदणीशिवाय केलेली ठरते, आणि तिच्यावरचा कर बहुधा आपल्याच खिशातून जातो. रकमा लहान आहेत हे खरे. तीन खेपांवर पाच टक्क्यांनी १,५६० रुपये आणि नागपूरच्या कळमना बाजारातील व्यापाऱ्याकडून १,२०,००० रुपयांना घेतलेल्या मिरचीवरील कर ६,०००. पण चाळीस किलोंवर किलोमागे पस्तीस रुपये सुटणाऱ्या धंद्यात ७,५६० रुपये म्हणजे पाच खेपांची कमाई होते.

यंत्रावरचे ४३,२०० रुपये मात्र गेले. नव्याने नोंदणी होताना शिल्लक कच्चा माल, अर्धवट तयार माल आणि तयार माल यांवरच्या कराची वजावट मिळते, यंत्रसामग्रीवरच्या कराची मिळत नाही. यंत्र एप्रिलमध्ये घेतले, जबाबदारी मे महिन्यात आली. यंत्राची ऑर्डर देण्याआधी ऐच्छिक नोंदणी घेतली असती, तर ही रक्कम वजावटीत मिळाली असती, आणि पुढचे वर्षभर तिला तिखटावरचा कर जवळपास रोखीने भरावा लागला नसता. नोंदणीचा विचार उद्योग सुरू झाल्यावर करायचा असतो या समजुतीची किंमत या घरात एवढी पडली. कर्ज देताना बँकेने प्रकल्प अहवाल मागितला होता व तो एका जाणकाराने तयार करून दिला होता, पण त्यात कराची एक ओळही नव्हती.

आता संगणक केंद्राने भरलेला अर्ज पाहू. जीएसटी पोर्टलवर अर्जाचे दोन भाग असतात. पहिल्या भागात पॅन, मोबाइल आणि ई-मेल तपासून तात्पुरता क्रमांक मिळतो आणि त्याच्या आधारे पंधरा दिवसांत दुसरा भाग भरायचा असतो. नोंदणीला सरकारी फी नाही. या केंद्राने ‘जीएसटीची फी’ म्हणून दीड हजार रुपये घेतले होते, ती त्यांची मजुरी होती असे म्हणू आणि पुढे जाऊ. दुसऱ्या भागात एक प्रश्न असतो, नोंदणी कोणत्या कारणासाठी हवी आहे. त्याच्या यादीत उलाढालीची मर्यादा ओलांडणे, आंतरराज्य पुरवठा, ऐच्छिक अशी अनेक कारणे असतात. केंद्रातल्या मुलाने ‘ऐच्छिक’ निवडले होते, कारण त्याच्या मते चाळीस लाखांच्या आतला प्रत्येक माणूस ऐच्छिकच असतो. त्याच्या वर ‘आपसमेळ योजना हवी का’ या प्रश्नापुढे त्याने ‘होय’ केले होते.

हा अर्ज तसाच गेला असता तर दोन गोष्टी घडल्या असत्या. कारण ऐच्छिक असल्यावर जबाबदारी केव्हा आली हा प्रश्नच उरत नाही आणि नोंदणी मंजुरीच्या दिवसापासून लागते, म्हणजे १५ मे ही तारीख कागदावर कोठेच आली नसती. आणि आपसमेळ योजनेत, जिला गावात सगळे ‘कंपोझिशन’ म्हणतात, राज्याबाहेर माल विकताच येत नाही. त्या योजनेत दीड कोटीपर्यंतच्या उत्पादकाला उलाढालीवर एक टक्का कर भरून मोकळे होता येते, तिमाहीला एक चलन व वर्षाला एक विवरण एवढेच काम राहते, शिवाय वर्षाला पाच लाखांपर्यंत किंवा मागील वर्षाच्या उलाढालीच्या दहा टक्क्यांपर्यंत, यांपैकी जे जास्त असेल तेवढी सेवाही पुरवता येते. गावात व तालुक्यातच विकणाऱ्या मसालेवाल्याला यापेक्षा सोयीचे काही नाही, हे मी तिलाही सांगितले. ज्या एका कारणासाठी तिला नोंदणी हवी होती, नेमके तेच कारण या योजनेत बसत नव्हते.

म्हणून निर्णय तीन वाटांमध्ये होता. पांढुर्ण्याची विक्री बंद करायची आणि नोंदणीशिवाय राहायचे, ही पहिली. विक्री बंद करून आपसमेळ योजना घ्यायची, ही दुसरी. नियमित नोंदणी घेऊन विक्री चालू ठेवायची, ही तिसरी. पहिली वाट सासऱ्यांना पसंत होती. "दुकान इथंच चालते ना बापा, तिकडे काहून जा लागते?" असे ते म्हणाले, आणि हिशेबाने पाहता ते अगदी चूक नव्हते. पांढुर्ण्याच्या साडेतीन लाखांच्या विक्रीतून वर्षाला साधारण सत्तेचाळीस हजार सुटणार होते. नियमित नोंदणी घेतली की गावातल्या अकरा लाखांच्या विक्रीवरही पाच टक्के, म्हणजे पंचावन्न हजार कर लागू होतो, कारण नोंदणी झाल्यावर शेजारणीला दिलेल्या पाव किलोच्या पाकिटावरही कर द्यावा लागतो. त्यातून व्यापाऱ्यांकडून घेतलेल्या मिरचीवरचा व पाकिटांच्या प्लास्टिकवरचा कर वजा होतो. पण अर्धी मिरची थेट शेतकऱ्यांकडून येते, शेतकरी आपल्या शेतातला माल विकताना कर लावत नाही, आणि जिथे कर भरलाच नाही तिथे वजावट कशाची मिळणार? वीसेक हजार वजा झाले तरी पस्तीस हजार उरतात, आणि ते किमतीत मिळवायचे तर २६० चे तिखट २७३ होते. गावातल्या गिऱ्हाइकाला तेरा रुपये लगेच दिसतात.

तिसरी वाट का निवडली, याचे प्रामाणिक उत्तर असे की ती फायद्याची होती म्हणून नव्हे, तर झालेल्या तीन खेपा मागे घेता येत नव्हत्या म्हणून. पांढुर्ण्याची विक्री ४ जूनपासून बंद केली असती, तरी १५ मेची जबाबदारी पुसली गेली नसती. दुकानदाराने आपल्या वहीत ती खरेदी लिहिलेली होती. दुसरे असे की दुकानदार तिखटाबरोबर हळदही मागत होता, आणि त्याला कर लावून दिला तरी चालत होते, कारण तो स्वतः नोंदणीकृत असल्याने त्याला वजावट मिळणार होती. तेरा रुपयांचे ओझे गावात जाणवत होते, दुकानदाराला त्याची काहीच झळ नव्हती. सुनेने हिशेब दोनदा ऐकला, वहीत स्वतः मांडला आणि म्हणाली, "गावात अडीचशे ग्रॅमच्या पाकिटावर तीन रुपये वाढवते. चालते तं चालते."

कांडपाचा प्रश्न त्याच बैठकीत सोडवावा लागला. नोंदणी सुनेच्या पॅनवर झाली आणि कांडपही तिचेच समजले गेले, तर गावातल्या बायांच्या मजुरीवरही कर लागला असता, आणि तिथला दर दळायला आलेला माल नोंदणीकृत व्यापाऱ्याचा आहे की घरगुती गिऱ्हाइकाचा यावर बदलतो, म्हणजे आणखी एक गुंता. कर टाळण्यासाठी एकाच धंद्याचे दोन नावांवर तुकडे करू नयेत असे माझे मत आहे. तसे तुकडे कागदावर टिकत नाहीत आणि पुढे चौकशी झाली की घरातली माणसे एकमेकांकडे बघत बसतात. येथे मात्र वेगळेपण खरे होते. चक्की आणि डंक सासऱ्यांचे, वीज मीटर वेगळे, काम तिच्या लग्नाच्या आधीपासून चाललेले, मजुरीचे पैसे सासऱ्यांच्याच पेटीत जाणारे. चूक एवढीच की उन्हाळ्याच्या गर्दीत सूनबाई दोन्ही हिशेब एकाच वहीत लिहीत होती. वही वेगळी केली. सासऱ्यांच्या नावाने निळ्या पुठ्ठ्याची वही आली, आणि नव्या पल्व्हरायझरवर कोणाचीही मिरची मजुरीने दळायची नाही असे ठरले. ते पाळणे गावात सोपे नाही, कारण नवे यंत्र बारीक दळते आणि शेजारणींना तेच हवे असते.

अर्जात ‘आंतरराज्य पुरवठा’ हे कारण, जबाबदारीची तारीख १५ मे २०२५, आपसमेळ योजनेला ‘नाही’, मालाच्या वर्गात मिरचीसाठी ०९०४ व हळदीसाठी ०९१०, एवढे दुरुस्त करून १० जूनला अर्ज सादर केला. नंतर पोर्टलने आधार पडताळणीचा दुवा ई-मेलवर पाठवला. काही अर्जदारांना या टप्प्यावर सुविधा केंद्रात बोटांचे ठसे देण्यासाठी बोलावणे येते, हिला मोबाइलवरच्या ओटीपीचा पर्याय आला. पण तिच्या आधारला जोडलेला मोबाइल क्रमांक माहेरचा होता आणि ते सिम बंद पडून चार वर्षे झाली होती. हे ३ जूनलाच लक्षात आल्यामुळे तिने दुसऱ्याच दिवशी आधार केंद्रात क्रमांक बदलायला दिला होता. बदल १२ जूनला दिसू लागला आणि १३ जूनला पडताळणी झाली. हा एक दिवस महत्त्वाचा होता. आधार पडताळणी निवडली की अर्जाची तारीख सादर केल्याची धरत नाहीत. पडताळणी झाल्याची, किंवा सादर केल्यापासून पंधरा दिवसांची, यांपैकी जी आधी येईल ती धरतात. आधीच्या क्रमांकाच्या भरवशावर राहिलो असतो तर ती तारीख २५ जून ठरली असती आणि तीस दिवस निघून गेले असते.

२० जूनला नोटीस आली. नमुना आरईजी-०३, म्हणजे त्रुटी विचारणारी नोटीस, व उत्तराला सात कामकाजी दिवस. व्यवसायाच्या जागेचा पुरावा अर्जदाराच्या नावाशी जुळत नाही, असे तिच्यात म्हटले होते, आणि ते बरोबर होते. संगणक केंद्राने जोडलेल्या पीडीएफचे नाव ‘८’ असे पाहून मी ती उघडलीच नाही, ही चूक माझी. आत ग्रामपंचायतीचा नमुना ८ नव्हता, तर तलाठ्याकडचा खाते उतारा, ८-अ होता. ८-अ मध्ये शेताचा गट क्रमांक आणि नवऱ्याचे नाव, सोबतच्या वीज बिलावर सासऱ्यांचे नाव व अर्ज सुनेचा. कार्यालयात बसलेल्या अधिकाऱ्यासमोर तीन नावे आणि एक शेत आले, घर कोठेच नव्हते. नमुना ८ व ८-अ यांच्यातली ही गल्लत आमच्याकडे वारंवार होते. पहिला गावठाणातल्या घराच्या आकारणीचा उतारा असतो, त्यात मालमत्ता क्रमांक, बांधकामाचा प्रकार व कर असतो. दुसरा शेतजमिनीच्या खात्याचा असतो. पत्त्याच्या रकान्यात घर क्रमांक सक्तीचा असल्याने तेथेही मालमत्ता क्रमांकच लिहायचा, हे त्या उताऱ्याशिवाय सुचत नाही.

उत्तराला आम्ही ग्रामसेवकाच्या सहीचा नमुना ८, त्याच मालमत्तेचे वीज बिल, सासऱ्यांचे साध्या कागदावरचे संमतीपत्र आणि त्यांच्या ओळखपत्राची प्रत जोडली. पाचशेच्या स्टँप पेपरवर नोटरी करूनच संमतीपत्र द्यावे लागते असा समज आहे आणि सासरे त्यासाठी मोर्शीला जायला निघालेही होते. केंद्रीय अप्रत्यक्ष कर व सीमाशुल्क मंडळाने १७ एप्रिल २०२५ रोजी आपल्या अधिकाऱ्यांना दिलेल्या सूचनांत जागा नातेवाइकाची असेल तर साध्या कागदावरचे संमतीपत्र, देणाऱ्याचे ओळखपत्र आणि मालकीचा एक पुरावा पुरेसा मानला आहे. उत्तर २५ जूनला गेले आणि २ जुलैला १५ मेपासून लागू असलेले प्रमाणपत्र आले. १ नोव्हेंबर २०२५ पासून कमी कर-जबाबदारी असलेल्या अर्जदारांसाठी तीन कामकाजी दिवसांत नोंदणी देणारी सोय सुरू झाली आहे, तिच्यात आधार पडताळणी सक्तीची आहे, म्हणजे जुन्या सिमचा प्रश्न पुढेही राहणारच.

व्यवसाय कराबद्दल घरात कोणालाच माहिती नव्हती, आणि सल्लागारही तो शेवटी सांगतात. जीएसटी नोंदणी झालेल्या व्यक्तीला महाराष्ट्राच्या १९७५ च्या व्यवसाय कर कायद्याखाली स्वतःची नावनोंदणी, म्हणजे पीटीईसी, तीस दिवसांत घ्यावी लागते आणि वर्षाला २,५०० रुपये भरावे लागतात. राज्यघटनेच्या अनुच्छेद २७६ ने घातलेली कमाल मर्यादाही तेवढीच आहे. नव्या नावनोंदणीवर पहिल्या वर्षाचा कर एक महिन्यात भरायचा असतो. मी हे सांगत असताना सासरे मध्येच म्हणाले, "हा कर कायचा?" हा कर मुळात रोजगार हमी योजनेला पैसा उभा करण्यासाठी लावला गेला, हे सांगितल्यावर ते थोडे थांबले. त्यांच्या तरुणपणी ते आणि त्यांची बायको रोजगार हमीच्या पाझर तलावावर माती वाहत होते.

दुसरी नोंदणी नोकर ठेवणाऱ्याची, पीटीआरसी. सुनेकडे यंत्र चालवणारा एक मुलगा महिना ९,५०० रुपयांवर बारमाही आहे. पुरुष कामगाराला ७,५०० पर्यंत कर नाही, १०,००० पर्यंत महिना १७५ व त्यापुढे २०० रुपये, फेब्रुवारीत ३००. म्हणजे त्याच्या पगारातून वर्षाला २,१०० रुपये कापून भरायचे. पाकिटे भरणाऱ्या दोन बायांना महिना ७,००० मिळतात, आणि महिलांना १ एप्रिल २०२३ पासून २५,००० पर्यंत हा कर नाही. एका मुलासाठी वेगळी नोंदणी कशाला, असा प्रश्न तिने केला व तो रास्त होता, पण कायद्यात कामगारांची संख्या नाही, पगार आहे. विवरण चुकले की हजार रुपयांपर्यंत विलंब शुल्क लागते, म्हणजे सहा महिन्यांच्या कपातीएवढे. पीटीआरसीचा क्रमांक २७ ने आणि पीटीईसीचा ९९ ने सुरू होतो, शेवटी दोन्हींना ‘पी’ असतो, आणि चलन भरताना ते एकमेकांच्या जागी पडतात. तिच्या वहीच्या पहिल्या पानावर आम्ही दोन्ही वेगवेगळ्या शाईने लिहून ठेवले.

जुलैच्या मध्यावर शेडच्या दारावर पाटी लागली. जीएसटी क्रमांक प्रवेशाजवळच्या पाटीवर आणि प्रमाणपत्र आत दिसेल असे लावणे बंधनकारक आहे. पेंटरने पंधरा अक्षरांतले चौदावे अक्षर, इंग्रजी ‘झेड’, दोनच्या आकड्यासारखे रंगवले. पांढुर्ण्याच्या दुकानदाराने पाटीच्या फोटोवरून क्रमांक टाकून पाहिला तेव्हा पोर्टलने तो नाकारला, कारण पंधरावे अक्षर आधीच्या चौदांवरून काढलेले असते आणि एक जरी चुकले तरी जुळत नाही. त्याने फोन करून ‘नंबर फर्जी है क्या’ असे विचारले, तेव्हा सूनबाई घाबरून थेट माझ्याकडे आली. प्रमाणपत्राची प्रत त्याला पाठवली, पेंटरने पाटी पुन्हा रंगवली.

शिल्लक मिरचीवरील ६,००० रुपयांची वजावट मागण्याचा नमुना, आयटीसी-०१, जुलैतच भरला. रक्कम दोन लाखांच्या आत असल्याने सनदी लेखापालाच्या दाखल्याची गरज पडली नाही. तीन खेपांची तीन सुधारित बीजके २८ जुलैला काढली, प्रत्येकावर १०,४०० अधिक पाच टक्के आयजीएसटी, म्हणजे आंतरराज्य विक्रीवरचा जीएसटी, ५२० रुपये, तिचा क्रमांक महाराष्ट्राच्या २७ ने आणि दुकानदाराचा मध्य प्रदेशाच्या २३ ने सुरू होणारा. तिमाही विवरणाची योजना घेऊनही तिमाहीच्या पहिल्या दोन महिन्यांची बीजके पुढच्या महिन्याच्या १३ तारखेपर्यंत पोर्टलवर टाकायची सोय आहे, ती वापरून १२ ऑगस्टला ती टाकली. दुकानदाराच्या वजावटीच्या विवरणात १४ ऑगस्टला १,५६० रुपये दिसले. त्याने १,५६० रुपये सुनेच्या खात्यावर पाठवले आणि सोबत पुढच्या खेपेची मागणी कळवली, तिखट चाळीस किलो, हळद वीस.